त्या मंगळवारचं टेबल

सकाळी साडेसातला मैत्रिणीचा फोन. हॅलोसुद्धा नाही. "तुझ्यामुळे माझ्या पोराने 1800 डॉलर घालवले." पोरगा 24 वर्षांचा, इथे न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मला मावशी म्हणतो. नोकरी लागून वर्षही झालेलं नाही. बुधवारी सुट्टी टाकून एकटाच अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत गेला, 1-2 डॉलरच्या होल्डेम पोकरला बसला आणि 300-300 च्या चिप्स सहा वेळा घेतल्या.

दिवसभर तिचं वाक्य डोक्यात घुमतंय, म्हणून लिहितेय.

दिवाळीत आमच्याकडे त्याला पोकर मीच शिकवला, नाकारत नाही. संध्याकाळी त्याला फोन केला आणि एकच विचारलं, टेबलावर कोण कोण होतं? "बघितलं नाही मावशी. यादीत नाव दिलं, नंबर आला, बसलो." बुधवारी दुपारी दोन वाजता! मी ओरडलेच त्याच्यावर.

ओरडले, कारण हेच मी केलं होतं. 2014 चा फेब्रुवारी, मंगळवारची दुपार, बाहेर बर्फ. त्या वर्षी अटलांटिक सिटीत चार कॅसिनो बंद पडले, पहिला जानेवारीतच. हिवाळ्यातल्या दुपारी पोकर रूममध्ये यायचे ते रोजचेच लोक. मला कुठे कळत होतं तेव्हा? पुस्तकं वाचून गेले होते. टेबलावर आठ पुरुष, सगळे साठीच्या पुढचे, कोणी चकार शब्द बोलत नव्हतं. सहा तास बसले. एकही वेडी चाल खेळले नाही. मला चांगले पत्ते आले की बाकीचे सगळे पत्ते टाकून डाव सोडायचे, आणि त्यांच्यातल्या कोणी रेझ केलं, म्हणजे लावलेली रक्कम वाढवली, की त्याच्याकडे माझ्याहून सरस काहीतरी असायचंच. 420 डॉलर गेले. कॉफी घ्यायला उठले तर शेजारचे आजोबा मागोमाग आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. म्हणाले, "तू इथे का बसलीस? आम्ही सगळे सकाळपासून तुझीच वाट बघत होतो."

बारा वर्षं होत आली, हे वाक्य मी विसरलेले नाही.

आता हिशोब बघा, कारण हा हिशोब कोणी सांगत नाही. डीलर तासाला साधारण 30 डाव वाटतो. पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, कॅसिनो आपला हिस्सा म्हणजे रेक काढतं, बहुतेक ठिकाणी 10 टक्के, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. वर जॅकपॉटचे एक-दोन डॉलर. वर जिंकणारा डीलरला टीप म्हणून डॉलर देतो. (फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडी मांडतात ती पहिली तीन पानं, आलाच नाही तर बहुतेक ठिकाणी रेक घेत नाहीत, तेवढं खरं.) डावामागे सरासरी पाच डॉलर धरा. तासाला 150 डॉलर टेबलावरून उठून गेले. नऊ जणांत माणशी सोळा-सतरा. त्या मंगळवारी मी सहा तासांत शंभर डॉलर नुसतं खुर्चीचं भाडं भरलं! सारखेच चांगले नऊ जण बसले तर नऊच्या नऊ हरणार. तुम्ही जिंकायला हवं असेल तर दोन-तीन माणसं अशी लागतात जी मजा करायला आलीत आणि त्या मजेचे पैसे आनंदाने मोजतात.

अशी टेबलं असतात. शुक्रवारी-शनिवारी रात्री असतात, लाँग वीकेंडला असतात. पाच-सहा जण नुसता कॉल करून, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे लावून, फ्लॉप बघतात. मोठ्याने हसणं चालू असतं, ग्लास भरलेले असतात, कोणीतरी मगाशी हरलेल्या डावाची गोष्ट सांगत असतो आणि सांगता सांगता खिशातून पुढची शंभराची नोट काढतो. तिथे बसा. जमलं तर तो सैल खेळणारा आपल्या उजव्या हाताला येईल अशी खुर्ची मागा, म्हणजे त्याची चाल आधी दिसते. आणि जिथे हेडफोन आहेत, एक जण रेझ करतो आणि बाकीचे निमूट पत्ते टाकतात, तिथून उठा. फ्लोअरवाल्याला, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला, टेबल बदलून माग, पोरा! त्याला पैसे पडत नाहीत.

आणि ते पोकर शिकवणारे व्हिडिओवाले! या पोराला कुठल्या खुर्चीवरून कुठले पत्ते खेळायचे याचे तक्ते तोंडपाठ आहेत. पैसे भरून कोर्स घेतलाय त्याने. उठावं कधी, याला त्यात एक मिनिटही नाही. चीड येते मला. पोरं पाठांतर करून जातात आणि तिकडे आठ म्हातारे शांतपणे वाट बघत असतात.

जुगार आहे, मान्य. याच्यापायी लोकांची घरं गेलीत, तेही मान्य. आणि 2026 पासून इथे कर भरताना हरलेल्या रकमेच्या 90 टक्क्यांचीच वजावट मिळते, ते बोचणारच.

पण मग माझी आत्या आठवते. चिपळूणच्या घरी गणपतीत रात्रभर पैसे लावून रमी चालायची. आत्या लगेच कधीच बसायची नाही. चहाचा ट्रे घेऊन पडवीत एक चक्कर मारायची. काका आणि शेजारचे दोघे, म्हणजे पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवणारे, एवढेच असले तर ती आत जाऊन दुर्वा निवडायला बसायची. मुंबईचे जावई आले की मात्र, "सरक रे जरा." बसवाले आजोबा मला जे कॉफीच्या मशीनपाशी बोलले ते आमच्या पडवीत मी आठव्या वर्षी बघितलं होतं. तरी 420 डॉलर घालवले.

त्या आजोबांना 2020 नंतर मी पाहिलेलं नाही. नाव कधी विचारलंच नाही. त्या दिवशी त्यांना बोलायची काही गरज नव्हती. मी आणखी दोन तास बसले असते तर त्यांचाच फायदा होता.

तर बाई, तू हे वाचशील, माहितीये मला. रागाव, पण ऐक. शनिवारी रात्री मी त्याला घेऊन जाणार आहे. तासभर आम्ही चिप्स घेणार नाही, नुसते पोकर रूमच्या कठड्यापाशी उभे राहणार. प्रत्येक टेबलावर कोण कोणाची वाट बघतंय ते त्याने मला सांगायचं. सांगता नाही आलं तर जेवून परत. तूही ये. पार्कवेने पावणेदोन तास, निघताना तुझ्या घराशी हॉर्न वाजवते.