ओटीटीचे पैसे भरणारे येडे, मग ती फाइल पाठवणारे कोण?

गेल्या रविवारी सकाळी नऊला खानापूरहून आत्याचा फोन. "अरे, माझा फोन आपला आपणच मेसेज पाठवायलाय बघ, काय की झालंय त्याला." काय दाबलंस विचारलं तर म्हणते, "मी काय केलो नाही, ग्रुपवर आलेलं ते सिनेमाचं तेवढं घातलो." म्हटलं आत्या, आधी ते विमानाचं चित्र दाब, फोन टेबलावर ठेव, परत हात लावू नकोस, मी आलो. बेळगावच्या शहापुरातनं खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पोहे तसेच झाकून ठेवले आणि गाडी काढली.

ते "सिनेमाचं" म्हणजे काय ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असणार, ज्यांच्याकडं आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाल अक्षरात वर लिहिलंय "ओटीटीला पैसे भरणारे येडे". ओटीटी म्हणजे मोबाइल-टीव्हीवर नेटवरनं सिनेमे-मालिका दाखवणारी अ‍ॅप. खाली मुद्दे: सगळ्या अ‍ॅपचे मिळून वर्षाला १५ हजार जातात. एकदा कार्ड दिलं की पैसे कापायचे कधीच थांबत नाहीत. कर्नाटकात राहणाऱ्यांना मराठी मालिका-सिनेमे ब्लॉक केलेत. वरून राज्य सरकार टॅक्स घेतंय. पोरं बिघडतात ती वेगळीच. आणि शेवटी उपाय, खालची फाइल घाला, सगळं आयुष्यभर फुकट, दहा जणांना पाठवा.

आमच्या भावकीच्या ग्रुपवर हे टाकलं निपाणीच्या काकांनी. काका तसा हुशार माणूस, तंबाखूच्या भावात त्यांना कोण फसवून दाखवावं, पण मोबाइलवर लाल अक्षरात काही आलं की ते त्यांना ज्ञानेश्वरीसारखं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांनी फार तर डोकं फिरतं, ह्यानं खातं रिकामं होतं.

आत्याला आठवलं तसं तिनं सांगितलं. फाइल उघडल्यावर फोननं विचारलं, हे बाहेरचं अ‍ॅप आहे, धोका असू शकतो, घालू काय? होय. एसएमएस वाचू काय? होय. कॉन्टॅक्ट बघू काय? होय. मग एक लांबलचक इंग्रजी पाटी आली, त्यात काय होतं ते कळलं नाही म्हणून तेही होय. आता मला सांगा, सिनेमा दाखवणाऱ्याला आत्याचे एसएमएस कशाला पाहिजेत? थेटरातला तिकीट फाडणारा कधी तुमच्या पाकिटात हात घालून बघतो काय? एसएमएस पाहिजेत ते ओटीपीसाठी. बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो, हे अ‍ॅप तो गुपचूप पुढं पाठवतं, आणि तुम्ही आपले "मी ओटीपी कुणाला सांगितलोच नाही" म्हणून निवांत. कॉन्टॅक्ट मिळाले की तीच फाइल तुमच्या नावानं सगळ्यांना जाते, आत्याच्या फोनवरनं ४१ जणांना गेली होती, त्यात दूधवाला, भजनातल्या बायका, गॅसवाला, आणि मीसुद्धा.

मी पोचल्यावर बघतो तर त्या अ‍ॅपचं चित्र कुठं दिसेना. सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या अ‍ॅपची यादी काढली तर मध्येच एक बिननावाचं, कोरं चित्र असलेलं बसलेलं. काढायला गेलो तर काढायचं बटणच दबत नाही. डिव्हाइस अ‍ॅडमिन म्हणून एक अधिकार असतो, तो आत्यानं त्या इंग्रजी पाटीत देऊन टाकलेला, आधी तो काढून घेतला तेव्हा कुठं ते निघालं. तरी माझा विश्वास नाही, नातवंडांचे फोटो बाजूला काढून फोन सगळा कोरा केला. त्याच्या आधी माझ्या फोनवरनं बँकेच्या हेल्पलाइनला लावून तिचं खातं तात्पुरतं बंद करून घेतलं, कारण त्याच खात्यात तिचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० येतात आणि तेवढाच तिचा हक्काचा पैसा आहे. पैसे गेले नाहीत. का गेले नाहीत, तर ती घाबरून लगेच बोलली म्हणून. लाज वाटून दोन दिवस गप्प बसली असती तर आज मी हे वेगळ्या सुरात लिहीत असतो.

कुणाचे गेलेच असतील तर १९३० ला लगेच फोन लावा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर सांगाल तितके पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. मग आपल्याकडच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्या. आणि फाइल खरोखरच सिनेमाची असली तरी तो चोरीचाच माल. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला, चोरून कॉपी काढणाऱ्या-पसरवणाऱ्यांना तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी ३ लाख दंड. "दहा जणांना पाठवा" म्हणणाऱ्यांनी ते "पसरवणाऱ्यांना" जरा दोनदा वाचावं.

फुकटच पाहिजे असेल तर सरळ मार्गानं मिळतं की. डीडी फ्री डिशला महिन्याला एक पैसा नाही, डिश एकदा घ्यायची तेवढीच. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या फिल्म फेस्टिव्हलात वेव्हज नावाचं अ‍ॅप काढलं, त्यात मराठी, कन्नड सगळं आहे आणि बरंचसं फुकट. ते अ‍ॅप प्ले स्टोअरवरनं येतं, काकांकडनं नाही.

आता १५ हजारांचं. हा हिशेब ज्यानं केला त्यानं प्रत्येक दुकानातला सगळ्यात महाग माल उचलून बेरीज मारलीय. नेटफ्लिक्सचा सगळ्यात वरचा प्लॅन ६४९ चा, बारा महिन्यांचे झाले ७७८८, अर्धी बेरीज तिथंच झाली. पण त्याच कंपनीनं डिसेंबर २०२१ मध्ये बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ वर आणला आणि मोबाइलचा १९९ वरून १४९ वर, ते काय दिसलं नाही? ६४९ मध्ये जास्तीचं काय मिळतं तर 4के चित्र आणि चार जणांनी एका वेळी बघायची सोय. आत्याचा टीव्ही ३२ इंची, एचडी रेडी. त्याच्या पडद्यावर टिपकेच मुळात 4केच्या आठव्या भागाएवढे, त्यावर 4के लावणं म्हणजे पाव लिटरच्या तांब्यात दोन लिटर दूध ओतायला बघणं. तिच्यासारख्यांना १९९ चाच पुरतो, आणि खरं सांगायचं तर तिला तोही नको.

कारण प्रश्न "ओटीटी घ्यायचं की नाही" असा नसतोच, तुम्ही बघता काय हा असतो. आत्या बघते एक मालिका. साडेसातला लाइट गेली की भाग चुकतो, म्हणून तर तिनं ती फाइल घातली. एका चॅनेलची मालिका सगळ्या अ‍ॅपवर नसते. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, झी मराठीचं झी५ वर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर. तुमची मालिका कुठल्या चॅनेलची ते बघा, तेवढं एकच घ्या, बाकी तीन-चार कशाला गळ्यात अडकवायची? आणि बारा महिने तरी कशाला? आमच्या गल्लीतल्या पोरांचं बघा. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, २०२५ ला ती जिओहॉटस्टारवर गेली आणि पैसे आले, सगळी कावली. पण तेव्हा मोबाइलचा तीन महिन्यांचा प्लॅन १४९ ला होता. स्पर्धा २२ मार्चला सुरू झाली, ३ जूनला संपली, तीन महिन्यांत आरामात बसली. ७४ मॅचला भागा, मॅचला दोन रुपये. त्यात बेंगळुरूच्या आरसीबीनं अठराव्या हंगामात पहिल्यांदा कप उचलला, ह्यांनी संभाजी चौकात फटाके उडवले, एका माळेला १४९ पेक्षा जास्त गेले असतील. मग बंद करून टाकलं सगळ्यांनी. ह्यात येडा कोण?

दुसरा मुद्दा, कार्ड दिलं की कायमचं कापतात. इथं मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. माझेच एकदा २९९ असे गेले, अ‍ॅपचं नाव सांगत नाही, महिनाभरासाठी म्हणून घेतलं आणि विसरलो. बंद करायचं बटण पण असलं लपवलेलं की आधी "खरंच जाणार काय", मग "का जाताय", मग "ही ऑफर बघा", चौथ्या पडद्यावर बारीक अक्षरात ते बटण. हे लोक मुद्दाम करतात, त्यात दुमत नाही. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या युक्त्यांची यादीच काढली, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नाव घेऊन लिहिलाय. पण "थांबवताच येत नाही" हे साफ खोटं. रिझर्व्ह बँकेचं २१ ऑगस्ट २०१९ चं परिपत्रक आहे, कार्डावरनं दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबद्दल. त्यात स्पष्ट म्हटलंय की पैसे कापायच्या कमीत कमी २४ तास आधी बँकेनं तुम्हाला कळवलं पाहिजे, आणि तो एक हप्ता किंवा सगळी परवानगीच रद्द करायची सोय तुम्हाला दिली पाहिजे. म्हणजे अ‍ॅपवाल्यानं बटण कितीही लपवलं तरी तुम्ही बँकेच्या बाजूनं नळ बंद करू शकता, अ‍ॅपच्या पाया पडायची गरज नाही. यूपीआयवरनं भरत असाल तर अजून सोपं, फोनपे किंवा गुगल पेमध्ये ऑटोपे म्हणून असतं, उघडलं की कोण कोण तुमच्या खात्याला चिकटलंय त्याची यादी दिसते, नको ते काढून टाका. माझे २९९ गेले तेव्हाही आदल्या दिवशी मेसेज आला होता. इंग्रजीत होता, मी बघितलाच नाही. चूक माझी पण आहे की.

तिसरा मुद्दा वाचून मात्र मी एकटाच हसत सुटलो. म्हणे कर्नाटकात मराठी ब्लॉक. सीमाप्रश्न १९५६ पासून चाललाय, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, कोर्टाला जी रेषा अजून ठरवता आली नाही ती ह्या अ‍ॅपवाल्यांनी परस्पर ओढली म्हणे! अहो, सिनेमाचे हक्क हे लोक देशाप्रमाणं घेतात, अख्खा भारत एक. बेळगावला वेगळं, कोल्हापूरला वेगळं असं काही नसतं. तरी खात्री म्हणून कोल्हापूरच्या मावसभावाला व्हिडिओ कॉल लावला, त्यानं तिकडं आणि मी इकडं एकच अ‍ॅप उघडलं आणि मराठी म्हणून शोधलं. तीच यादी, तेच सिनेमे, फक्त माझ्या पहिल्या पानावर कन्नड सिनेमे जास्त. ते भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की कमी होतात. ह्या अफवेचं मूळ मला वाटतं केबलमध्ये आहे. आमच्या केबलवाल्याच्या साध्या पॅकमध्ये कन्नड चॅनेल भरपूर आणि मराठीसाठी वेगळे पैसे, ही रड आमच्याकडं घरोघरी आहे आणि ती खरी आहे. पण केबलवरचा राग अ‍ॅपवर कशाला?

टॅक्सचं अर्धं खरं आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकच्या विधिमंडळात सिनेमा आणि कला क्षेत्रातल्या कामगारांच्या कल्याणासाठी विधेयक मंजूर झालं, सिनेमाची तिकिटं आणि सबस्क्रिप्शनवर १ ते २ टक्के सेस, म्हणजे जादा कर, असं. १९९ वर दोन टक्के म्हणजे चार रुपये, तेही स्पॉटबॉय-लाइटमनच्या पोराबाळांसाठी. चार रुपयांसाठी एवढी लाल अक्षरं! १८ टक्के जीएसटीबद्दल एक अक्षर नाही, त्यातला अर्धा केंद्राचा ना.

पोरं बिघडतात ह्याला मी काय उत्तर देऊ. २०२१ च्या नियमांप्रमाणं ह्या अ‍ॅपवर वयाचा शिक्का असतो आणि तेराच्या वरच्या गोष्टींना आईबापांसाठी लॉकची सोय ठेवावी लागते. दोन मिनिटांचं काम आहे. चोरीच्या फाइलमध्ये कसलं लॉक?

गंमत म्हणजे ज्यात खरोखर पैसे जातात ते त्या फॉरवर्डमध्ये लिहिलेलंच नाही. मोबाइलच्या नेटवर बघायचं म्हटलं तर चांगल्या एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात, म्हणजे रोज दीड जीबीचा रिचार्ज अर्ध्या तासात खल्लास. आणि तो रिचार्ज जुलै २०२४ मध्ये जिओनं २३९ वरून २९९ केला. जांबोटी-कणकुंबीकडं तर रेंजसाठी गच्चीवर चढायचं, तिथं कसली सबस्क्रिप्शन घेताय. माझ्या बाबांना पण मी कुठलं घेऊन दिलं नाही, त्यांना सह्याद्री आणि यूट्यूबवरची कीर्तनं पुरतात. ज्याला नको त्याला नकोच.

आत्याकडं शेजारच्या घरातलं वायफाय आहे, अर्धं बिल ती देते. दुपारी निघायच्या आधी तिच्या मालिकेच्या चॅनेलचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरनं घालून दिलं, एका महिन्यापुरतं, माझ्या यूपीआयवरनं. चुकलेले भाग बघून झाले की बंद. विसरायचं नाही म्हणून तिनं स्वतः स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर २६ तारखेच्या चौकटीत लिहून ठेवलंय, "सिनेमा बंद करणे", गॅस बुक केल्याच्या तारखेच्या बरोबर खाली. काकांना पण फोन केला. ते म्हणाले, "मी तर नुस्तं पुढं ढकललो रे."