पलीकडे न्या, चिन्ह बदला, मोकळे व्हा

परवा एका पोराच्या वहीत ३क्ष = १२ या समीकरणाचं 'क्ष = −४' हे उत्तर बघून डोळे निवले. तेव्हा समीकरणातून हवं ते चल सुटं करायचं असेल, तर यापुढे एकच मंत्र: पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. तो ३ क्षला गुणतोय की क्षमध्ये मिळवलाय, असल्या चौकशा करायच्या नाहीत. उचला, पलीकडे टाका, वर उणे चिकटवा.

क्ष दोन्ही बाजूंना असेल तर डावीकडचा सोडवा, उजवीकडचा तसाच राहू द्या. शोभेला.

क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्हीकडे क्षने भागून टाका. शून्य हेही एक उत्तर होतं, तेवढीच ब्याद गेली.

लंबकाच्या त = २ × पाय (π) × √(ल/ग) या सूत्रातून (त म्हणजे आवर्तकाल, एका पूर्ण झोक्याचा वेळ; ल लांबी; ग गुरुत्वीय त्वरण) ग काढताना वर्ग फक्त 'त'चा आणि मुळाचा करा, २ × पायला हात लावू नका. लंबक १ मीटरचा, आवर्तकाल २ सेकंद. ग येतो १.५७. चंद्रावरसुद्धा १.६२ असतो हो! ४ × पाय² घेतलं असतं तर ९.८७ आलं असतं, पण मग पृथ्वीवरच राहावं लागलं असतं.

फ = (९/५)स + ३२ (फ फॅरनहाइट, स सेल्सिअस) यातून स हवाय? आधी ९/५ हाकला. म्हणजे फला ५/९ने गुणा आणि ३२ तसाच वजा करा. त्या ३२लाही ५/९ने गुणावं लागतं म्हणे, गुणोत बापडे. फच्या जागी २१२ घाला, पाणी ८५.८ अंशांनाच उकळतं. इंधनाची केवढी बचत! ३२ आधी वजा केला असता तर १८० उरले असते, त्याचे ५/९ म्हणजे सरळ १००. पण कुठल्या क्रमाने सोडवायचं हे सांगायला वेळ कुणाला आहे? सगळा वेळ 'ट्रिक' शिकवण्यात जातो ना!

अहो, पलीकडे काहीही जात नसतं! दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची असते. मिळवलेलं वजा करून जातं, गुणलेलं भागून जातं, आणि जे शेवटी चढवलं ते आधी उतरवायचं. 'दोन्ही बाजूंना ३ने भागून' एवढी एक ओळ लिहायचा तुम्हा शिकवणाऱ्यांना कंटाळा, आणि पोरगं चुकलं की त्याचं गणित कच्चं?

आणि ताळा करायला काय होतं? ३ गुणिले उणे ४. करा की. उणे १२ आले. समोर काय लिहिलंय? १२.