नागभस्म म्हणजे शिसेच

गेल्या रविवारी चिंचवडला बहिणीकडे गेलो, तेव्हा फ्रिजवर कागदाची एक पुडी ठेवलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने 'नाग भ., 1 गुंज, काढ्यातून' असे लिहिलेले होते. भाचा भोसरीला शिशाच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचे काम करतो. तपासणीत त्याचे शुक्राणू कमी निघाले, आणि त्याच सुमारास नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर येऊन पडला. शेवग्याचा पाला व अश्वगंधा यांच्या काढ्यात नागभस्म घालून घेतल्यास शिसे आणि कॅडमियम लघवीवाटे निघून जाते, 21 दिवसांत शुक्राणूंची संख्या पूर्ववत होते आणि सारे नैसर्गिक असल्यामुळे अपाय होत नाही, असा त्याचा दावा आहे.

रसशास्त्रात, म्हणजे धातूंपासून औषधे बनवणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेत, वंग म्हणजे कथील, यशद म्हणजे जस्त आणि नाग म्हणजे शिसे. बहिणीला तो नागकेशराचा काही प्रकार वाटला होता, आणि त्याबद्दल तिला बोल लावता येत नाही, कारण मजकुरात धातूचे नाव कुठेही उलगडलेले नाही. म्हणजे दिवसभर शिशाच्या धुरात वावरणाऱ्या मुलाच्या अंगातले शिसे उतरावे म्हणून त्याला रोज गुंजभर, सुमारे 125 मिलिग्रॅम, शिशाचेच भस्म पाजायचे! शोधन-मारणाने, म्हणजे शुद्ध करून भट्टीत भस्म केल्याने, धातू निर्विष होतो, हे ठरलेले उत्तर मी ऐकून आहे. परंतु भट्टीत शिशाचे संयुग बदलते, शिसे नाहीसे होत नाही. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेली 193 आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. रसौषधींमध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांवर होते, इतरांत 17 टक्के.

21 दिवसांचा हिशेबही जुळत नाही. एक शुक्राणू तयार होण्यासच सुमारे 74 दिवस लागतात. शरीरातील बहुतेक शिसे हाडांत साठून वर्षानुवर्षे राहते आणि मूत्रपिंडातील कॅडमियम निम्मे होण्यास 10 ते 30 वर्षे जातात. ते तीन आठवड्यांच्या काढ्याने धुऊन निघत नाही.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की शेवगा, अश्वगंधा, लसूण यांच्या अर्कांनी उंदरांच्या वृषणांना शिशा-कॅडमियममुळे होणारी इजा काहीशी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. तिथे अर्क बहुधा धातूच्या आधी किंवा सोबत, वजनाप्रमाणे मोजून दिलेला असतो आणि तो मुख्यतः पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचा ताण हलका करतो. मंडईतल्या जुडीचा अंदाजपंचे काढा म्हणजे तो अर्क नव्हे, आणि माणसात साठलेला धातू त्याने उपसला जातो, हे त्यातून सिद्ध होत नाही. 'नैसर्गिक' या शब्दासाठी तंबाखूचे उदाहरण पुरे: तीही वनस्पतीच आहे आणि तिच्या पानांत जमिनीतले कॅडमियम साठते.

खरा उपाय त्या मजकुरात कुठेच नाही. रक्तातील शिशाची चाचणी करायची, पातळी फार वाढलेली असल्यास धातूला बांधून घेणारी डीएमएसए किंवा ईडीटीएसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची, आणि या सगळ्याच्या आधी नवे शिसे अंगात जाणे थांबवायचे. पुडी मी उचलून आणली आहे. भाच्याचे कारखान्यातले कपडे मात्र त्या दिवशीही घरच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजत पडले होते.