मतदानाच्या आदल्या रात्री आलेला आवाज

२०२४च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. १८च्या संध्याकाळी प्रचाराच्या तोफा थंडावल्या आणि १९च्या रात्री भाजपच्या अधिकृत हँडलवर काही ऑडिओ क्लिप आल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले निवडणुकीसाठी बिटकॉइनचा पैसा वळवायचं बोलताहेत, असा त्यांचा रोख. दोघांनीही आवाज आपला नसल्याचं सांगितलं. सुळेंनी निवडणूक आयोगाकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. मतदानाच्या दिवशी बारामतीत अजित पवार म्हणाले की चौकशी होईल, पण टोनवरून आवाज त्यांचाच वाटतो.

बहीण म्हणते माझा आवाज नाही, भाऊ म्हणतो तिचाच आहे. मग रांगेत उभ्या असलेल्या मतदाराने कशावरून ठरवायचं? 'बूम' या बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या संकेतस्थळाने क्लिप तपासल्या तेव्हा त्या एआयने बनवलेल्या असण्याची दाट शक्यता दिसली. पण ज्या ग्रुपांवर क्लिप फिरल्या, तिथे ही तपासणी किती जणांपर्यंत पोहोचली असेल?

निकाल त्यामुळे फिरला असं माझं म्हणणं नाही. भाजपच्या १३२ जागा एका रात्रीच्या क्लिपने येत नाहीत. मला राग येतो तो वेळ निवडण्याचा. शेवटचे ४८ तास प्रचार बंद असतो, तो मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून. नेमक्या त्याच शांततेत खोटं सोडलं की उत्तर द्यायला ना सभा उरते, ना दिवस. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३मध्ये हेच झालं. मतदानाला दोन दिवस असताना 'प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया' पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का एका महिला पत्रकाराशी निवडणुकीत गडबड करण्याबद्दल बोलताहेत, अशी बनावट ऑडिओ पसरली. तिथेही प्रचारबंदी लागू होती.

आणि दोन्हीकडे व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज होता. चेहऱ्यात खोट दिसू शकते, ओठ शब्दांच्या मागे पडतात. आवाजात बघायला काहीच नसतं. त्यातून तो व्हॉट्सॲपवर दहा वेळा फॉरवर्ड झालेला, खरखरणारा, म्हणजे यंत्राच्या खुणाही पुसलेल्या. नक्कल करायला काही सेकंदांचा नमुना पुरतो, आणि आपल्या नेत्यांची तासन् तास भाषणं यूट्यूबवर पडलेली आहेत.

पण मला याहून जास्त भीती वाटते ती उलट्या बाजूची. एप्रिल २०२३मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे अर्थमंत्री पलानीवेल त्यागराजन यांच्या आवाजातल्या क्लिप बाहेर आल्या, त्यात स्वतःच्याच पक्षातल्या लोकांवर पैशांचे आरोप होते. त्यांनी त्या बनावट म्हणून झटकल्या. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या वृत्तसंकेतस्थळाने तज्ज्ञांकडून तपासून घेतल्यावर पहिल्या क्लिपबद्दल ठाम काही सांगता आलं नाही. दुसरी मात्र खरी असल्याचं त्यांचं मत पडलं. उद्या एखाद्या ठेकेदाराशी टक्केवारी ठरवताना एखादा आमदार खरोखर रेकॉर्ड झाला, तर तोही 'एआय आहे' एवढंच म्हणेल आणि सुटेल. पुरावा घेऊन जिवावर उदार होऊन पुढे येणाऱ्या माणसाचं मग काय?

म्हणूनच एप्रिल २०२५मध्ये नाशिकच्या शिबिरात ठाकरेंच्या शिवसेनेने एआयने बनवलेलं बाळासाहेबांचं भाषण ऐकवलं, ते मला अजिबात पटलं नाही. ते एआयचं आहे हे लपवलेलं नव्हतं, हे मान्य. तरी जो माणूस २०१२मध्ये गेला, त्याच्या तोंडी आजच्या राजकारणावरची मतं घालणं चूकच. त्या आवाजावर जीव ओवाळून टाकणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या कानांना पक्षच अशी सवय लावणार असतील, तर दुसऱ्याने केलेल्या नकलेबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ला पक्षांना सांगितलं होतं की अशी सामग्री लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. आदल्या रात्री तीन तास म्हणजे फार झाले, तेवढ्यात ती गावोगाव पोहोचलेली असते. आणि काढायची कुणी, तर जिने टाकली त्याच पार्टीने.

माझी मागणी साधी आहे. शेवटच्या ४८ तासांत पक्षाच्या अधिकृत हँडलवरून विरोधकाच्या आवाजाची क्लिप टाकायची असेल, तर मूळ रेकॉर्डिंग आणि ते कुठून मिळालं याची लेखी माहिती आधी आयोगाकडे द्या, खाली जबाबदार पदाधिकाऱ्याची सही असू द्या. सही नसेल तर तो आचारसंहितेचा भंग धरावा, क्लिप पुढे खरी निघाली तरी. मग पक्ष कुठलाही असो, माझाही.