पिवळी वायर १२ व्होल्टची? थांबा जरा

‘कॉम्प्युटरमधली पिवळी वायर म्हणजे १२ व्होल्ट, डोळे झाकून जोडा’ असा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या रिपेरीवाल्यांत फिरतोय. अर्धंच खरं आहे. पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनांच्या जोडणीत पिवळी १२, तांबडी ५ व्होल्ट, दोन्ही काळ्या ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टच्या परतीच्या. पण तीन पिनांच्या पंख्यात बहुधा तांबडीच १२ व्होल्टची. पिवळी फक्त वेग कळवते, एका फेऱ्याला दोन पल्स, म्हणजे विजेचे ठोके. परवा निपाणीहून आलेल्या पंख्यात नेमकी तीच १२ व्होल्टला जोडलेली. पातं जागचं हललं नाही, वास मात्र सुटला! चार पिनांच्या पंख्यात पुन्हा उलटं: पिवळी १२, हिरवी वेग कळवणारी, निळी वेगाच्या नियंत्रणाची. काही कंपन्या तर सगळ्याच वायरी काळ्या देतात. तेव्हा रंग सोडा, पिनांचा क्रम बघा: ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग, नियंत्रण.