किडनीत अमोनिया साठत नाही, किडनी तो मुद्दाम बनवते

सध्या कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपवर बघा, मंडळाच्या बघा नाहीतर सोसायटीच्या, सगळीकडं एकच मेसेज फिरतोय. लघवीला अमोनियाचा वास आला म्हणजे किडनीत अमोनिया साठलाय, हे मटणातनं येणारं विष आहे, किडनीनं ते गाळायचं असतं, किडनी थकली की ते रक्तात चढतं, आणि उपाय काय तर रोज सकाळी लिंबूपाण्यातनं चमचाभर खायचा सोडा घ्या आणि दिवसाला सहा लिटर पाणी प्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रोज लघवीची सॅम्पलं हाताखालनं जातात, आणि ज्याची किडनी खरंच अधू आहे असा माणूस हे वाचून उद्यापासनं सोडा सुरू करेल याची मला मनापासनं काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वासाचं बघू. ताज्या लघवीला अमोनियाचा उग्र वास सहसा नसतोच. सकाळी आलेली बाटली दुपारपर्यंत टेबलावर राहिली की मग झाकण काढल्यावर नाकात झोंबतं, आणि सकाळी पट्टीवर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) 6 दाखवणारं तेच सॅम्पल आता 8 कडं गेलेलं असतं, पट्टीचा रंग निळसर होतो. त्या बाटलीत काय किडनी नव्हती. लघवीत युरिया असतो, जंतू तो युरीएज नावाच्या एन्झाइमनं फोडतात आणि अमोनिया सुटतो, मुतारीतला वास पण त्याचाच. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, वास वाढतो, एवढंच. पण ताज्या लघवीलाच सारखा वास, जोडीला जळजळ नाहीतर ताप, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची टेस्ट) करून घ्या, कारण प्रोटियससारखे जंतू मूत्राशयातच हे काम सुरू करतात.

आता खरा घोळ कुठं आहे ते सांगतो. किडनी म्हणजे बाहेरनं आलेला अमोनिया गाळणारी चाळणी, हे मेसेजमधलं गृहीतकच चुकीचं आहे. 1921 सालीच नॅश आणि बेनेडिक्ट या दोघांनी प्राण्यांमध्ये दाखवून दिलं की किडनीत जाणाऱ्या रक्तापेक्षा किडनीतनं बाहेर पडणाऱ्या रक्तात अमोनिया जास्त असतो. नुसती चाळणी असती तर तो कमी व्हायला पाहिजे होता. म्हणजे किडनीतच तो तयार होतो, आणि 1943 मध्ये व्हॅन स्लाइक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो ग्लुटामिन या अमिनो अ‍ॅसिडपासनं बनतो.

का बनवते? आपण जेवतो त्या प्रोटीनमध्ये सल्फर असतं, त्याचं शरीरात सल्फ्युरिक अ‍ॅसिड होतं. असं सगळं मिळून वजनाच्या किलोमागं साधारण 1 मिलिइक्विव्हॅलंट (अ‍ॅसिड मोजायचं एकक) अ‍ॅसिड रोज बाहेर टाकावं लागतं. ते मोकळं सोडता येत नाही, कारण लघवीचा पीएच साधारण 4.5 च्या खाली जाऊच शकत नाही. मग त्या अ‍ॅसिडला बसवून न्यायला गाडी लागते, आणि ती गाडी म्हणजे अमोनिया. नेफ्रॉनच्या (किडनीतल्या लघवी बनवणाऱ्या बारीक नळीच्या) सुरुवातीच्या भागात एका ग्लुटामिनपासनं दोन अमोनियम (हायड्रोजन धरलेला अमोनिया) निघतात आणि सोबत दोन बायकार्बोनेट (अ‍ॅसिड मारणारा क्षार) तयार होऊन रक्तात परत जातात, हाच सगळ्यात मोठा फायदा. पुढं हेन्लेच्या लूपमध्ये (त्याच नळीच्या वळणात) तो अमोनियम पोटॅशियमच्या जागी घुसून किडनीच्या आतल्या भागात जमा होतो आणि शेवटच्या कलेक्टिंग डक्टमध्ये (लघवी गोळा करणाऱ्या नळीत) अमोनिया उतरतो, अ‍ॅसिडचा हायड्रोजन धरतो आणि तिथंच अडकून लघवीवाटे जातो. पीएच 6 ला हजारात जेमतेम एक भाग मोकळा अमोनिया असतो, बाकी सगळा अमोनियम, त्याला वास नाही. एरवी दिवसाला 30-40 मिलिमोल अमोनियम जातं, आणि अ‍ॅसिड वाढलेलंच राहिलं तर निरोगी किडनी पाच-सहा दिवसांत हे 200 च्या पुढं नेऊ शकते. मला तर हे वाचताना दर वेळी किडनीचं कौतुक वाटतं, आणि आपण तिला गाळणी म्हणून मोकळे होतो.

किडनी थकली की अमोनिया रक्तात चढतो, हे पण उलटंच आहे. आतड्यातनं येणारा अमोनिया लिव्हर युरियात बदलतं, ते चक्र क्रेब्स आणि हेन्सलाइट यांनी 1932 मध्ये मांडलं. त्यामुळं रक्तात अमोनिया वाढला की आधी लिव्हरकडं बघतात, सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होण्याच्या आजाराच्या) पेशंटला गुंगी येते, बोलण्यात बरळ येते ते बहुतेक यातनंच. ही टेस्ट करायची तर सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लावावं लागतं, नाहीतर नळीतच आकडा वाढतो. किडनीच्या जुन्या आजारात युरिया, क्रिएटिनिन (स्नायूंतनं येणारा, किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) वाढतं आणि अमोनिया बनवायची ताकद मात्र घटते, म्हणून अ‍ॅसिड साठतं. त्या पेशंटच्या तोंडाला जो वास येतो तो लाळेतला युरिया तोंडातल्या जंतूंनी फोडल्यामुळं.

आता सोडा. किडनीच्या काही पेशंटना डॉक्टर सोडा बायकार्बच्या (म्हणजे खायच्या सोड्याच्याच) गोळ्या देतात हे खरं आहे, पण रक्तातलं बायकार्बोनेट मोजून, डोस ठरवून. चमचाभर सोड्यात साधारण 1200 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 च्या आत राहा म्हणते, म्हणजे बीपीवाल्यानं, हार्टवाल्यानं किंवा पायाला सूज असलेल्यानं सकाळीसकाळीच निम्म्याच्या वर गिळायचं? वरनं सोड्यानं लघवी अल्कलाइन झाली (पीएच वर गेला) की मोकळ्या अमोनियाचा वाटा वाढतो, म्हणजे ज्या वासाला घाबरून सोडा घेतला तो वाढायचीच शक्यता जास्त. सहा लिटर पाण्याचं पण तसंच, ज्याची किडनी पाणी बाहेर टाकू शकत नाही त्याच्या छातीत पाणी होऊ शकतं.

मटणाचं थोडक्यात. मटण खाल्लं की अ‍ॅसिड वाढतं, किडनी जास्त अमोनियम बनवून ते बाहेर काढते, चांगल्या किडनीला हे झेपतं, त्यासाठी कुणी तांबडा-पांढरा सोडायची गरज नाही. किडनीचा आजार आधीच असेल तर प्रोटीन किती खायचं ते डॉक्टर आणि डाएटिशियन रिपोर्ट बघून सांगतील. शंकाच असेल तर क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) आणि बीपी बघून घ्या, शुगर असेल तर दरवर्षी बघाच.