रंध्याची मूठ, निळं पातं आणि 'मढ्याला शृंगार': एका काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. उत्तराला मुद्दाम रविवार उजाडू दिला, कारण तुम्ही ज्या वस्तूंवर बोट ठेवलंत त्या पुन्हा एकदा हातात घेऊन बघायच्या होत्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भंगारवाल्याकडून आणलेला लाकडी रंधा आणि एक बेंच व्हाइस (वस्तू घट्ट पकडायचा टेबलावरचा लोखंडी शिकंजा) मी घरी कसा दुरुस्त केला, ते गेल्या महिन्यात फोटोंसह लिहिलं होतं. काका आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांनी लिहिलं की रंध्याची मूठ पॉलिश पेपरनं घासून मी त्या सुताराचा हात पुसून टाकला. फोटोत पात्याच्या कोपऱ्यावर निळी झाक दिसते, म्हणजे पातं जाळलं. व्हाइसचा मूळ रंग खरवडायचं काही कारण नव्हतं. आणि मग हे: "ज्याचं काम संपलं ते भट्टीत जाऊ द्यावं, त्याचं नवं लोखंड होतं. तुम्ही मढ्याला शृंगार करताय."

आधी मुठीबद्दल, कारण ते सगळ्यात जास्त लागलं आणि ते खरं आहे.

मूठ बाभळीची. आणली तेव्हा काळी कुळकुळीत होती, पण तो काळेपणा सगळीकडे सारखा नव्हता. तळवा टेकतो तिथं लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालेलं, बोटं वळतात तिथं कड गोल झालेली, आणि डाव्या अंगाला अंगठ्याच्या मापाचा एक उथळ खळगा. खळग्याच्या तळाशी लाकडाच्या रेषासुद्धा दिसत होत्या, इतका तो भाग घासून साफ झाला होता. एका माणसानं किती वर्षं रोज दाबल्यावर बाभळीला खळगा पडत असेल? बाभूळ म्हणजे बैलगाडीच्या चाकाचं लाकूड. हे सगळं मी पाहिलं होतं. तरीही आधी ८० नंबरचा कागद घेतला, मग १२०, मग २२०. आतून तांबूस, स्वच्छ लाकूड निघालं, फोटो छान आला, आणि खळगा निम्म्यानं उथळ झाला.

तुम्ही म्हणता तेवढंच नुकसान झालेलं नाही, त्याहून जास्त झालंय. तो खळगा म्हणजे नुसती आठवण नव्हती. पहिल्या दिवशी रंधा हातात धरला तेव्हा माझा अंगठा आपोआप तिथं जाऊन बसला होता आणि हात योग्य कोनात आला होता. आता अंगठा जागा शोधतो. ज्या माणसाला मी कधी भेटणार नाही, तो मला रंधा धरायला शिकवत होता आणि मी त्याचं बोलणं घासून काढलं. हे परत आणता येत नाही.

मूठ साफ करायची खरी रीत फार साधी होती. सुती फडक्यानं धूळ पुसायची. दुसऱ्या फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हळू चोळायचं. वर चिकटलेला मळ आणि ग्रीस निघतं, हातानं आलेली झिलई राहते. फडकं पुसून काळं यायचं थांबलं की थांबायचं. लाकूड कोरडं वाटलं तर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा आणि पंधरा मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यायचं. भाकरीबरोबर आपण ज्याची चटणी खातो तोच जवस. घाण्याचं कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, पण वाळतं.

इथं एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती आणि ती जिवावरची आहे. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेटू शकतं. आपल्याकडे वर्कशॉप म्हणजे बहुतेकांची गच्चीवरची पत्र्याची खोली, आणि मे महिन्यात ती खोली आधीच भट्टी असते. फडकं उघड्यावर एकेरी पसरून वाळवायचं, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचं. काका, तुमच्यामुळे लेख पुन्हा वाचला आणि हे सापडलं.

निळ्या झाकेबद्दलही तुमची नजर अचूक. ग्राइंडरवर धार लावताना मी पातं जास्त वेळ दाबलं. कडेला लोखंड पातळ असतं, उष्णतेला पळायला जागा नसते, आणि डोळ्यांदेखत रंग पिवळ्यावरून तपकिरी, जांभळा, निळा होत गेला. फिका पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश, तिथवर धारेच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, टिकतं. निळा म्हणजे ३०० च्या आसपास, तिथं ते उतरलेलं असतं. वरची झाक पॉलिशनं घालवता येते, आतला मऊपणा जात नाही. काल कानस लावून पाहिली: निळ्या कोपऱ्यात ती चावते, बाकी पात्यावर घसरते. जवळजवळ तीन मिलिमीटर पोलाद वाया गेलंय. ते आता हातानं दगडावर, पाणी घेत घेत उतरवतोय. ज्यांनी माझं वाचून ग्राइंडर लावला असेल त्यांना सांगणं असं, की शेजारी पाण्याचं भांडं ठेवा, दोन सेकंद टेकवा आणि बुडवा, आणि बोटाला चटका बसायच्या आत थांबा.

व्हाइसच्या रंगाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

तो रंग पापुद्रे धरून सुटत होता. जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. हा व्हाइस त्याच्या कितीतरी आधीचा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, आणि माझी पाच वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी त्या टेबलाशी उभी असते. पापुद्रे जमिनीवर पडत राहू देणं मला शक्य नव्हतं. मूळ रंग राखणं मोलाचं आहे हे मान्य, पण तो धरून राहिलेला असेल तेव्हा. मी तो कोरडा घासला नाही. ओला करून खरवडला, खाली कागद अंथरला, आणि कागद गुंडाळून पिशवीत बंद केला. पुढचाही कुणी विचारेल तर हेच सांगेन.

गंजही तारेच्या ब्रशनं ओरबाडला नव्हता. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवले, चार लिटरला एक मोठा चमचा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार वस्तूला आणि धन तार साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेसची अजिबात घ्यायची नाही, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. काम उघड्यावर करायचं, कारण हायड्रोजन निघतो. या रीतीत लाल गंज सुटतो आणि शाबूत लोखंड खाल्लं जात नाही. शिवाय तेच पाणी पुन्हा पुन्हा चालतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या गावात ही काही लहान गोष्ट नाही.

आता मढ्याचा शृंगार.

काका, लोखंड वितळून नवं होतं हे खरं आहे आणि ते व्हायलाच हवं. भंगार गेलं नाही तर फाउंड्र्या कशावर चालतील? मीही वस्तू भंगारात घालतो. गेल्या वर्षी एका बेंच ड्रिलची बिडाची बॉडी खांद्यातून तडकलेली निघाली. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही. आधी सगळा भाग तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो, आणि एवढं करून शेजारी नवी चीर पडू शकते. पुली आणि चक काढून घेतले, बाकी वजनावर दिलं. पण या व्हाइसचा स्क्रू सरळ होता, आटे शाबूत होते, जबडे समोरासमोर बसत होते. तो भट्टीत गेला असता तर लोखंड परत मिळालं असतं. ते आटे कापणाऱ्या टर्नरची मेहनत मिळाली नसती. तुम्ही जॉबर होता. माग बंद पडला म्हणून तुम्ही कधी माग मोडीत काढायला सांगितलंत का? आधी खाली वाकून बघितलंत, कुठला बोल्ट सैल झालाय ते.

माझा व्हाइस दिवाणखान्यात नाही. रंधा भिंतीवर टांगलेला नाही. गेल्या पावसाळ्यात फुगलेला शेजाऱ्यांचा दरवाजा याच रंध्यानं तासला, तोही उथळ केलेल्या मुठीनिशी. माझ्या लेखी वस्तू कामाला लागली तरच दुरुस्ती झाली. चकाकी आली आणि काम होत नसेल, तर तुमचा शब्द मला लागू आहे, आणि तेव्हा मी तो निमूट ऐकेन.

एक उदाहरण देतो, ते मी आजवर लिहिलं नव्हतं. दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी पायाचं शिलाई मशीन दाखवायला बोलावलं. सासूबाईंचं मशीन, सहा-सात वर्षं पत्र्याखाली पडून होतं. चाक जागचं हलेना. वहिनी शाळेच्या गणवेशांचं काम घरी आणतात, नगावर पैसे. दुसऱ्याच्या मशीनवर बसून त्या भाडं भरत होत्या.

मशीन गंजलं नव्हतं. कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलं होतं. खोबरेल जुनं झालं की चिकट, घट्ट होतं आणि प्रत्येक सांधा चिकटवून टाकतं. तेलाच्या एकेका भोकात रॉकेलचे थेंब सोडले, रात्रभर ठेवलं, सकाळी चाक बोटभर हललं. पुन्हा रॉकेल, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशी पूर्ण फेरा झाला. मग शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बसते तो भाग, काढलं. त्याच्या मागं दोऱ्याचा भुसा तेलात भिजून नमद्यासारखा दाबून बसला होता. चिमट्यानं काढला तो रुपयाएवढा गोल, एकसंध, आणि त्यात पांढऱ्या, खाकी, निळ्या सुताचे थर. वहिनींनी तो हातावर घेतला आणि कुठला रंग कुठल्या कामाचा हे सांगायला लागल्या. शेवटी मशीनचं पातळ तेल आणि नवा चामडी पट्टा. एवढ्यावर ते चाललं, आणि आजही चालतंय, वीज गेली तरी.

त्या मशीनवर सोनेरी वेलबुट्टी आहे. समोरच्या बाजूला, कापड पुढं सरकतं आणि मनगट टेकतं तिथं, ती पूर्ण पुसली गेलीय आणि खालचं काळंही उडून लोखंड चमकतंय. मी तिथं हात लावायच्या आतच वहिनी म्हणाल्या, "तेवढं राहू द्या भाऊजी, तिथं सासूबाईंचा हात असायचा." मी राहू दिलं. बाकीची बुट्टीसुद्धा फक्त तेलाच्या फडक्यानं पुसली. जुन्या मशीनवर बुट्टीवर लाखेचा हात असतो, स्पिरिट लावलं की तो विरघळतो आणि सोनं त्याच्याबरोबर निघून येतं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यापासून हेच डोक्यात आहे. मशीनच्या वेळी बोलायला वहिनी शेजारी उभ्या होत्या. रंधा वजनावर आला होता, त्याच्या वतीनं बोलायला कुणीच नव्हतं. महिनाभरानं का होईना, तुम्ही बोललात. यापुढं बेवारस वस्तू आली की पहिला दिवस ती नुसती हातात धरायची, कुठं झिजलीय ते बोटांनी चाचपायचं, आणि त्या जागा खडूनं खुणा करून सोडून द्यायच्या, असं ठरवलंय. लेखातला पॉलिश पेपरचा परिच्छेद काढून टाकलाय.

तुमचं शेवटचं वाक्य मी वर दिलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत, "माझ्या घरी बापाचा धोटा आहे, तो तुमच्यासारख्यांच्या हाती देणार नाही." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारी लाकडी नळी. वडील हातमागावर होते, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, हेही तुम्ही लिहिलंत. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, अशी किती घरं असतील, जिथं माग गेला आणि एक धोटा तेवढा राहिला.

देऊ नका. मलाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. फक्त एकदा माळ्यावरून खाली काढा. ठेवला होता त्या जागी पिठासारखा लाकडाचा भुगा दिसतोय का, आणि अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत का, ते बघा. भुगा ताजा असेल तर आत कीड चालू आहे, तेव्हा उशीर करू नका. जुनी भोकं असतील आणि भुगा नसेल तर काळजी नाही. दोन्ही टोकांना लोखंड असेल आणि त्यावर लाल गंज आला असेल, तर मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा, ब्रश नको. लोखंड नुसतं काळं पडलं असेल तर तसंच असू द्या. लाकडाला काहीही लावू नका. सूत बाहेर येतं त्या भोकाच्या कडेला सुतानंच कापलेली बारीक खाच असेल, तिच्यातली धूळसुद्धा काडीनं कोरू नका, फुंकर मारा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला असेल तर आजच काढा, आत ओल कोंडते. सुती कापडात गुंडाळा, आणि ते कापड तुमच्याच मागावरचं असेल तर उत्तम.